पोळ्यातली अँबेसिडर

पोळ्याच्या दिवशी सकाळी साडेसात वाजता मधुकररावांनी आपल्या जुन्या अँबेसिडरची चावी फिरवली आणि गाडी नुसती ‘टक्’ म्हणाली. त्यांनी पुन्हा फिरवली. पुन्हा ‘टक्’. एरवी हा गृहस्थ असल्या टकटकीला भीक घालणारा नव्हता. अंगण उताराचं, गाव ओळखीचं. चार जणांना हाक मारायची, ढकलायला लावायचं, दुसऱ्या गिअरात क्लच सोडायचा आणि वांगी-कोथिंबीर घेऊन कारंज्याच्या बाजाराला चालू लागायचं, हे त्यांनी आजवर पन्नासदा केलं असेल. पण आज ढकलून भागणार नव्हतं. आज गाडीला आपण होऊन उठायचं होतं, आणि तेही सगळ्या गावासमोर.

त्याचं असं झालं होतं, की मधुकररावांकडे सहा वर्षांपासून बैल नव्हते. गुडघे कुरकुरायला लागले, दोन एकर भाजीपाल्यापुरता ट्रॅक्टर भाड्यानं मिळायला लागला, तशी त्यांनी बैलजोडी रोहण्याच्या पाहुण्यांना दिली आणि कुठल्याशा सरकारी कचेरीच्या लिलावातून ही पांढरी डिझेल अँबेसिडर घरी आणली. तेव्हाच तिची पंचविशी उलटलेली होती. साहेब लोक बसायचे ती मागची सीट काढून मधुकररावांनी तिथं भाजीची पोती बसवली, पण खिडक्यांचे पडदे मात्र तसेच ठेवले. कोथिंबिरीला, म्हणजे आपल्याकडच्या सांबाराला, ऊन लागत नाही असं ते सांगत. खरं कारण असं, की पडद्याच्या गाडीतून उतरताना त्यांना फार बरं वाटायचं.

बैल गेले, गाडी आली, पण पोळ्याच्या दिवशी रिकाम्या हातानं कडेला उभं राहण्याचं दुःख काही जाईना. गाव सजवलेले बैल घेऊन तोरणाखाली जातंय आणि आपण हात मागं बांधून बघतोय, हे सहा वर्षं सोसल्यावर यंदा ते रामाजींकडे गेले आणि म्हणाले, की माझी गाडी पोळ्यात उभी करतो. रामाजी हे पोळ्याचे मानकरी. वय ऐंशीच्या पुढं आणि आवाज पंचविशीतला. त्यांनी तंबाखू मळत बराच विचार केला आणि परवानगी दिली. गाडी रांगेत सर्वांत शेवटी उभी करायची. इंजिन बंद ठेवायचं, कारण धुरानं बैल बुजतात. आणि बैलांच्या रांगेपुढं बांधलेलं आंब्याच्या पानांचं तोरण तुटलं की तिनं आपल्या पायानं उठून चालायचं, कारण ढकलत आणलेला बैल कोणी पोळ्यात पाहिला आहे काय?

ही बातमी घरी पोचली आणि गोपिकाबाईंनी आपलीही एक अट तिला जोडून दिली. गोपिकाबाई म्हणजे मधुकररावांच्या पत्नी, आणि त्यांच्या मते अँबेसिडर ही त्यांची सवत. माणूस सकाळी उठला की आधी तिची काच पुसतो, मग चूळ भरतो, अशी त्यांची जुनी तक्रार होती. त्या चार माणसांदेखत म्हणाल्या, की पोळ्यात उठली तर ठेवा, जन्मभर ठेवा. नाही उठली तर त्याच संध्याकाळी आष्टीच्या चंद्रभानला द्यायची आणि भाजीला एक धड छोटा टेम्पो घ्यायचा. चंद्रभान भंगाराचा धंदा करायचा. मधुकररावांनी मिशीवर हात फिरवून शब्द दिला. द्यायला काय जातं? दिवाळीत वायरिंगवाल्या पौर्णिमानं सेल्फ खोलून नीट करून दिला, तेव्हापासून गाडी एका चावीत उठत होती. सेल्फ म्हणजे चावी फिरवताच इंजिनाला ढोसून जागं करणारी मोटर; ती ठणठणीत असल्यावर भ्यायचं कोणाला, असा त्यांचा हिशोब.

आणि आता ती मोटर ‘टक्’च्या पुढं बोलेना. गाडी कशी नटली होती ते बघा: बॉनेटवर झेंडूची माळ, टपावर जुन्या बैलांची झूल, दिव्यांच्या कडांना शिंगांना लावतात तसलं चमचमतं बेगड, आणि दोन्ही मडगार्डांवर एकेक गोंडा. नवरदेव घोड्यावर बसायच्या वेळी घोडाच आडवा व्हावा, तशी गत झाली होती.

त्यांनी पौर्णिमाला फोन लावला. पौर्णिमा याच गावच्या श्रावणची मुलगी. आयटीआय शिकून तिनं कारंज्याला हायवेवर ढाब्याच्या शेजारी गाड्यांच्या वायरिंगचं दुकान टाकलं होतं, आणि पार पंजाबापासून केरळपर्यंतचे ट्रकवाले तिला नावानं ओळखत. तिची पद्धत डॉक्टरीणबाईंची होती. आधी दहा प्रश्न, मग पान्याला हात. तिनं विचारलं, की आवाज कसा येतो. एकच ‘टक्’ येतो, की ‘टकटकटक’ अशी माळ लागते, की मोटर नुसतीच भणभणते? मधुकररावांनी फोन बॉनेटखाली ठेवला आणि चावी फिरवून तिला ऐकवलं. मग तिनं दिवे लावून चावी फिरवायला सांगितली. दिवे मेले की तसेच राहिले? मेले, असं मधुकररावांनी दुःखानं कळवलं. मग तिनं सर्वांत साधा प्रश्न विचारला, की बॅटरीचे टर्मिनल गच्च आहेत ना.

इथं मधुकररावांचा मान आडवा आला. टर्मिनल म्हणजे बॅटरीच्या डोक्यावरच्या शिशाच्या दोन खुंट्यांना धरून बसणाऱ्या कड्या. काल संध्याकाळी गाडी धुण्याआधी त्यांनी त्या स्वतः काढल्या होत्या आणि आज पहाटे, अंधुक उजेडात, बिनचष्म्यानं, स्वतःच बसवल्या होत्या. पाना सापडला नव्हता म्हणून पकडीनं आवळल्या होत्या, हेही खरं. पण हे सगळं पोरीसारख्या पोरीला कशाला सांगायचं? ते म्हणाले, की टर्मिनल मीच लावले, दगडासारखे घट्ट आहेत, त्याची काळजी तू सोड. पौर्णिमा म्हणाली, की मग एक तर बॅटरी गेली असेल नाही तर सेल्फ. एका ट्रकचं काम हातात आहे, ते उरकून तीनपर्यंत येते. तोवर कृपा करून काही खोलू नका.

खोलू नका म्हटल्यावर खोलणार नाही तो आपला माणूस कसला. साडेआठला रामाजी आले. त्यांनी गाडीच्या खाली वाकून सेल्फ कुठं असतो ते विचारून घेतलं आणि मुसळाच्या टोकानं त्याला तीन ठोके दिले. अडेल बैल असाच उठतो, असा त्यांचा अनुभव. गाडी ‘टक्’ म्हणाली. बैल नदीवर नेणारे लोक जाता जाता अंगणात वळू लागले आणि ज्याला जे सुचेल ते सांगू लागले. एकानं डिझेल बदलायला सांगितलं. एकानं गाडीचं तोंड पूर्वेला करायला सांगितलं. सुनेच्या गाडीला असंच झालं होतं म्हणून एक आजी खास घरून आल्या, आणि मग त्यांना आठवलं की ते गाडीला नव्हे, शिलाई मशीनला झालं होतं. मधुकरराव प्रत्येकाचं ऐकत होते आणि प्रत्येकानंतर एकदा चावी फिरवत होते.

दहा वाजता आष्टीच्या बसनं चंद्रभान आला. त्याला खरं तर संध्याकाळी बोलावलं होतं, पण सणाचा दिवस, पुरणाचा वास, तो लवकर आला. खाटेवर बसून त्यानं गाडीकडे असं पाहिलं, की मधुकररावांनी नकळत बॉनेटवर हात ठेवला. पण चंद्रभान मनानं वाईट नव्हता. एवढी धडपड चालली आहे आणि आपण नुसतं वाट बघत बसायचं, हे त्यालाच बरं दिसेना. तो बाह्या सरसावून मदतीला उठला.

गंमत अशी, की चंद्रभानला गाडीतला एकूण एक अवयव पाठ होता, पण फक्त मेलेल्या गाडीतला. खोलण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. जोडायची पाळी त्याच्यावर कधी आलीच नव्हती. शिवाय भंगारात येणाऱ्या गाडीची बॅटरी आधीच कोणीतरी काढून नेलेली असते, त्यामुळं बॅटरीकडे बघायचं असतं हे त्याच्या ध्यानातच येईना. दोष चावीच्या स्विचमध्ये आहे असं त्यानं जाहीर केलं आणि डॅशबोर्ड उघडून वायरींचा गुंता मांडीवर घेतला. तासाभरानं त्यानं तो परत आत कोंबला आणि मधुकररावांना खूण केली. चावी फिरली. वायपर हलायला लागले. त्यानं दोन वायरी बदलल्या. आता ब्रेक दाबला की हॉर्न वाजू लागला. जमलेली मंडळी हसून हसून बेजार झाली, आणि खरं सांगायचं तर काही वेळानं मधुकररावही हसायला लागले. सेल्फ तेवढा ‘टक्’ म्हणत होता.

गोपिकाबाई स्वयंपाकघरातून दर अर्ध्या तासानं दारात येत होत्या. वड्यांची डाळ वाटून झाली, पुरण झालं, पोळ्या लाटायला घेतल्या, आणि दर खेपेला विचारत होत्या, की उठली काय. नाही म्हटलं की एक शब्द न बोलता आत जायच्या. मधुकररावांना ते गप्प राहणं फार लागलं. भांडली असती तर बरं झालं असतं. ते मनात म्हणाले, की बाई मनातून खूश असेल, आता फक्त पोळी फुगायची तेवढी बाकी आहे.

सव्वातीनला पौर्णिमाची स्कूटर अंगणात आली. तिनं गळ्यातली ओढणी कमरेला बांधली, डॅशबोर्ड पाहिला आणि आधी पाऊण तास चंद्रभानची सगळी मेहनत उलटी केली. त्याला वाईट वाटू नये म्हणून मधूनमधून ती त्याच्याकडूनच पक्कड मागून घेत होती. गावाबाहेर गुरं जमतात त्या आखरावर ढोल वाजायला लागला होता. साडेपाचला तोरण तुटायचं होतं.

मग तिनं पिशवीतून मीटर काढला. एक लाल सुई, एक काळी सुई, आणि आकडा दाखवणारी खिडकी. दोन्ही सुया बॅटरीच्या दोन खुंट्यांवर ठेवून तिनं चावी फिरवायला लावली. मीटरवरचा आकडा बारा पूर्णांक चार होता. चावी फिरली तरी तो जेमतेम हलला. बॅटरीत जीव आहे, असं तिनं सांगितलं. सेल्फही नाहक मार खातोय. असता तो वाईट, तर बॅटरी ओढून ओढून बसली असती. इथं तर बॅटरीकडे कोणी काही मागतच नाही.

आता तिनं एक सुई खुंटीवर ठेवली आणि दुसरी त्याच खुंटीला धरून बसलेल्या कडीवर. दोन्हींत बोटभर अंतर. पुन्हा चावी. मीटरवर नऊ आकडा आला. पौर्णिमा जरा वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली आणि मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

“काका, इथं शून्य पायजे होतं,” ती म्हणाली. “हे दोघं एकमेकाले धरून बसले दिसतात, पण टेकून नाईत. यायच्या मधात कोणीतरी बसून हाये.”

ती पाना लावून कडी सैल करू लागली. कडी अशी सुटली की पान्याची गरजच नव्हती, हे तिनं पाहिलं आणि मधुकररावांनी पाहिलं की तिनं पाहिलं. ते आभाळाकडे बघायला लागले. कडी वर आली. आतून, खुंटीच्या चहूबाजूंनी, पिवळाधमक लगदा निघाला.

सगळे बॉनेटवर वाकले. पौर्णिमानं तो बोटावर घेतला. चंद्रभाननं वास घेतला आणि मोठ्या अनुभवी सुरात सांगितलं, की हे लोणी आहे, हळद घातलेलं लोणी. आणि लोणी काही आपोआप बॅटरीत निघत नाही. कोणीतरी हातानं भरलं आहे. मधुकररावांना पहाटे बोटांना काहीतरी बुळबुळीत लागल्याचं आठवलं. ग्रीस असेल म्हणून त्यांनी ते धोतराला पुसलं होतं. पण ते आठवायच्या आधीच दुसरा एक विचार त्यांच्या डोक्यात येऊन बसला होता. घरात लोणी कोणाच्या ताब्यात असतं? गाडी जावी असं कोणाला वाटतं? अट कोणी घातली? सगळं कसं एका ओळीत लागलं. रागारागानं ते दाराकडे वळले. गोपिकाबाई पिठाचे हात घेऊन उंबऱ्यात उभ्याच होत्या.

“तुले विकाचीच होती तं मले तोंडावर सांगतं,” मधुकरराव म्हणाले. “मी विकली असती. हे असं लपून काऊन केलं?”

गोपिकाबाईंचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला. त्या पायऱ्या उतरून गाडीपाशी आल्या आणि त्या पिवळ्या लगद्याकडे बघत राहिल्या. बोलल्या तेव्हा आवाज अगदी हळू होता, इतका की रामाजींना पुढं सरकावं लागलं.

“काल खांदशेकणी नव्हती काय? गावातल्या साऱ्या बैलाईचे खांदे शेकले. याचे कोण शेकन? तुम्ही तं गाडी धुतली अन् पारावर निघून गेलते. मी आली तं याचं जू काढून ठेवेल दिसलं.” त्यांनी त्या कड्यांकडे बोट केलं. “जू जिथं बसते थोच खांदा ना? मले वाटलं, सालभर भाजी वाहून तिथंच दुखत असन. म्हून लोणी-हळद कोमट केली अन् पळसाच्या पानानं चांगली चोळली. अन् म्हटलं, आज आवतन घे, उद्या जेवाले ये. अन् उठजो बाप्पा उद्या. लोकाईत तुह्या मालकाची लाज नको काढू.”

खांदशेकणी हा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळचा रिवाज. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा सुजतो, त्याला लोणी आणि हळद चोळायची आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. हे गावात शेंबड्या पोराला माहीत होतं. पण अँबेसिडरला खांदा असतो, हे आजवर फक्त गोपिकाबाईंच्या ध्यानात आलं होतं. आणि ज्या लोण्यानं गाडीनं उठावं म्हणून त्यांनी हात जोडले, त्याच लोण्यानं तिला दिवसभर झोपवून ठेवलं होतं.

रामाजी टोपी काढून परत घालू लागले. चंद्रभान खाटेवर जाऊन बसला. मधुकररावांना वाटलं, की जमीन दुभंगली तर आपण गाडीसकट आत जावं. शेवटी पौर्णिमाच बोलली. ती कडी हातात घेऊन म्हणाली, “काकू, खांदा तुम्ही बरोबर वळखला. सगळं वजन इथूनच जाते.”

आणि ती हसली. मग गोपिकाबाई हसल्या, डोळ्यांना पदर लावून हसल्या, आणि मग अंगणभर जो हशा उठला तो काही थांबेना. हसता हसताच कामं सुरू झाली. कोणी गरम पाणी आणलं, कोणी खायचा सोडा, कोणी पॉलिश पेपर. गोपिकाबाईंनी स्वतःच्या हातानं दोन्ही खुंट्या धुतल्या, पुसल्या, कानाकोपऱ्यातला पळसाच्या पानाचा तुकडा नखानं काढला. पौर्णिमानं शिसं घासून चकचकीत केलं, कड्या बसवल्या आणि पान्यानं अशा आवळल्या, की मधुकररावांनी हलवून पाहिल्या तर त्यांचं बोटच दुखलं. चावी फिरली. गाडी ‘घर्र’ करून अशी उठली, की टपावरची झूल घसरून मधुकररावांच्या डोक्यावर आली. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

मधुकररावांनी डावीकडचं दार उघडलं. त्या जागेवर एरवी टमाट्याचे कॅरेट असायचे. सहा वर्षांत गोपिकाबाई तिथं एकदाही बसल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, की पोळ्यात बायका जात नाहीत, घरी ओवाळायला थांबतात. मधुकररावांनी रामाजींकडे पाहिलं. रामाजी म्हणाले, की बैलांच्या बाबतीत रिवाज आहे; अँबेसिडरच्या बाबतीत जो आज पाडू तोच रिवाज. मग गोपिकाबाईंनी हात धुतले, डोईवर पदर घेतला आणि आत बसल्या. पुरणावर झाकण ठेवा, असं त्यांनी खिडकीतून चंद्रभानला सांगितलं.

आखरावर बैलांची लांब रांग लागली होती. रंगवलेली शिंगं, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरमाळा. सर्वांत शेवटी अँबेसिडर उभी राहिली आणि मधुकररावांनी ठरल्याप्रमाणं इंजिन बंद केलं. पुढं झडत्या चालू झाल्या. बैलांच्या कौतुकाची ती जागेवर जुळवलेली कवनं. एकानं म्हणायचं आणि सगळ्यांनी आरोळी द्यायची. रामाजींनी गाडीवरही एक झडती रचली. चारा खात नाही, शेण देत नाही आणि लोणी मागतो खांद्याला, असला हा कोणाचा बैल, असा काहीतरी तिचा आशय होता. बातमी गाडीच्या आधी आखरावर पोचली होती तर. लोक टाळ्या पिटत होते.

पडद्यांच्या आत मात्र शांत होतं. मधुकररावांना राहवेना.

“मले वाटलं, तूच मुद्दाम केलं,” ते म्हणाले.

“माहीत हाये. तुमच्या तोंडावरच दिसलं.”

“चुकलं माह्यं.”

“मंग दहा नंबरचा पाना घेऊन ठेवा घरात,” गोपिकाबाई म्हणाल्या. “पकडीनं आवळत होते. मी खिडकीतून पाह्यलं सकाळी.”

ते काही म्हणणार तोच तोरण तुटलं. ढोल, आरोळ्या, धूळ, आणि बैलजोड्या एकामागून एक धावत सुटल्या. शेवटची जोडी गेली आणि सबंध गावानं माना वळवल्या. मधुकररावांनी चावीकडे नेलेला हात मागं घेतला. चावी डॅशबोर्डच्या मधोमध होती. त्यांनी गोपिकाबाईंना सांगितलं, की तूच उठव. आधी अर्धी फिरवायची, दहा मोजायचे, इंजिन आतून तापतं. मग पूर्ण फिरवायची.

गोपिकाबाईंनी चावी अर्धी फिरवली आणि मोठ्यानं मोजायला लागल्या. खिडकी उघडी होती. तीनपर्यंत त्या एकट्या होत्या. चारला गाडीमागं आलेल्या पौर्णिमानं आवाज मिसळला, पाचला रामाजींनी, आणि सहापासून आखरावरचं सगळं गाव मोजत होतं. आठ. नऊ. मधुकररावांनी डोळे मिटले. दहा.

‘टक्’ झालं. आणि त्या टक्च्या पाठोपाठ सेल्फनं घर्र करून इंजिनाला असा ढोसा दिला, की काळ्या धुराचा एक लोट सोडून अँबेसिडर उभी थरथरायला लागली. लोकांनी टोप्या उडवल्या. गोपिकाबाईंनी मात्र चावी धरूनच ठेवली होती, आणि सेल्फ करकरा ओरडत होता. पौर्णिमा धावत आली, काच बडवून ओरडली, की उठली काकू, उठली, आता हात काढा. तेव्हा कुठं त्यांना कळलं. मधुकररावांनी डोळे उघडले तर बायको लहान मुलीसारखी हसत होती, आणि तिला अशी हसताना पाहून त्यांना गाडी पुढं न्यायची आहे याचाच विसर पडला. मागून रामाजींनी टपावर थाप मारली तेव्हा त्यांनी गिअर टाकला.

घरी आल्यावर गोपिकाबाईंनी चारी चाकांवर पाणी घातलं, बॉनेटला कुंकू लावलं आणि पळसाच्या पत्रावळीवर पुरणपोळी ठेवून गाडीला नैवेद्य दाखवला. चंद्रभान खाटेवरून हे सगळं बघत होता. त्यानं पुरणावर झाकण अगदी नीट ठेवलं होतं. पिशवी काखेत मारून तो उठला आणि म्हणाला, की मग मी निघतो, माझं काही काम राहिलेलं दिसत नाही. फक्त आष्टीची बस गेली असेल.

“जेवल्याबिगर कुठं जाता, भाऊ?” गोपिकाबाई म्हणाल्या. “जेवा पोटभर. मंग आम्हीच सोडून देतो तुम्हाले आष्टीले. या गाडीनं.”

चंद्रभान चार पोळ्या जेवला. पौर्णिमानं पाच खाल्ल्या आणि वर डबा भरून घेतला. अंधार पडायच्या आत निघायचं ठरलं. चंद्रभान सवयीनं पुढच्या दाराकडे गेला, तर गोपिकाबाई तिथं आधीच बसलेल्या. तो मुकाट्यानं मागं जाऊन पोत्यावर बसला आणि पडदा सरकवून बाहेर बघू लागला. मधुकररावांनी दार लावून घेतलं, आरसा नीट केला आणि चावीकडे हात नेला. गोपिकाबाईंनी ती केव्हाच अर्धी फिरवली होती आणि त्यांची मोजणी सातापर्यंत आली होती.